राजी न झालेला माणूस

"थांब बे. ते शिवी पुन्हा दे."

कोणी सायकलला लाथ घालून तोंड सोडलं, की हा माणूस दोन बोटं वर करून त्याच्यासमोर उभा राहायचा आणि शांतपणे ही फर्माईश करायचा. शिवी देणारा गडबडायचा. त्याला वाटायचं, आता हा भांडणार. पण याचं लक्ष शिवीतल्या आई-बहिणीकडे नसायचंच. "कोणाले देल्ली? सीटले का चैनले? कावून देल्ली?" असं तो खोदून खोदून विचारायचा. मग कानावरचा पेन्सिलीचा तुकडा काढून विडीच्या बंडलाच्या कागदावर काहीतरी खरडायचा.

भिलाईत तेव्हा शिव्यांना तोटा नव्हता. अर्धा पोलाद कारखाना उभा, अर्धा जमिनीत. रस्ते आखलेले, पण झालेले नाहीत. पंजाबी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि आम्ही विदर्भातले मराठी, सगळे आपापल्या भाषेत दिवसभर कशाला ना कशाला शिव्या घालायचो. आमच्यासाठी तो नुसता कलकलाट होता. याच्यासाठी ती खाण होती.

"माणूस शिवी देते म्हणजे त्याचं काईतरी अडून राहिलं," तो म्हणायचा. "अडलं कुठं ते पाहाचं. धंदा तिथंच पडला असते."

मी म्हणायचो, अरे, घरी बस, दोन घटका विचार कर, काही नवीन सुचेल.

"घरी बसून डोक्सं खाजवलं तं कोंडा निघते, बाप्पा!"

माझे जावई हल्ली नवा धंदा काढणार आहेत. नवीन कल्पना सुचावी म्हणून ते भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवतात आणि त्यांच्याकडे बघत बसतात. जावई आहेत, मी काय बोलणार? पण दर वेळी वाटतं, त्यांना हाताला धरून कारखान्याच्या गेटबाहेरच्या त्या सायकलींच्या स्टँडवर नेऊन उभं करावं.

तो शिव्या टिपणारा माझ्याच बाजूचा, भंडाऱ्याकडचा. त्याचं गाव माझ्या गावापासून चार कोसांवर. मी शेतकऱ्याच्या घरचा. तो गावाबाहेरच्या वस्तीतला, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला. गावात आम्ही एकमेकांच्या दारात कधी उभे राहिलो नसतो. इथं एका ठेकेदार कंपनीच्या टोळीत आम्ही जोडीनं लोखंडी सांगाडे उभारायचो. वर चढलं की याचा जीव माझ्या हातात आणि माझा याच्या. कारखान्याजवळच्या मरोदा वस्तीत झोपड्याही शेजारी शेजारी. मी मनात म्हणायचो, बघा, झालं ना सगळं सारखं! किती सोयीचा विचार होता तो.

उन्हाळ्याचे दिवस. साइटवर पाण्याचं एक मोठं पिंप असायचं आणि जरा पलीकडे एक मडकं. मडकं कोणासाठी, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. आमचा मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, नुसतं बोट दाखवायचा. एक दिवस यानं सरळ पिंपातून पाण्याचा मग भरून घेतला. मेटनं हातावर फटका मारला, हातातला मग खाली पडला. यानं वाकून तो उचलला, विसळला, पुन्हा भरला आणि पिऊन टाकला. मेटनं त्याची कॉलर धरली. यानं एका हातानं मेटचं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आणखी एक मग भरला. तोही घोट घोट करून प्याला. अख्खी टोळी बघत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, माझा भरलेला मग हातात घेऊन.

नंतर मला म्हणाला, "शेवटच्या मगाची तहान नोती मले. पण थांबलो असतो तं त्याले वाटलं असतं, भेला."

मेट धावत ऑफिसात गेला आणि 'मुझ पर हाथ उठाया' म्हणून तक्रार लिहून आला. आम्हाला बोलावणं आलं. ऑफिसातले बडे बाबू उत्तरेकडचे, वयस्कर, भांडणाला घाबरणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अरे भाई, बात मत बढ़ाओ. एक राजीनामा लिखकर दे दो, किस्सा ख़तम."

मी चरकलो. पाणी प्यायलं म्हणून राजीनामा? घरी बायको असताना हातची नोकरी सोडायची! यानं बाबूंकडे बघितलं, कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं. वर मोठ्या अक्षरात 'राजीनामा'. खाली एकच ओळ: 'पाणी पेलो, म्हणून नोकरी सोडून राहिलो.' त्याखाली सही. बाबूंनी वरचा शब्द वाचला, सही बघितली, खूश झाले आणि कागद फायलीत लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबू साइटवर आले. "कहाँ है वो तुम्हारा जोड़ीदार? काम पर क्यों नहीं आया?"

"साहब, उसका राजीनामा हो गया ना!"

"हाँ, हो गया. तो काम पर क्यों नहीं आया?"

"राजीनामा हो गया, इसीलिए नहीं आया!"

अशी आमची बरीच फुगडी झाली. शेवटी बाबूंनी कपाळावर हात मारला. "अरे मूरख मराठों! राजीनामा माने समझौता! दोनों पार्टी राजी, झगड़ा ख़तम. नौकरी छोड़ने को इस्तीफ़ा कहते हैं, इस्तीफ़ा!"

आता काय बोलावं! एकच शब्द, एकाच लिपीतला. त्यांच्याकडे राजी होण्याचा, आमच्याकडे सोडून जाण्याचा. मी सायकल हाणत मरोद्याला आलो आणि दारातूनच ओरडलो, "अरे, नोकरी गेली नाई तुयी! दुसरा कागद लिहून दे, बस!"

तो खाटेवर बसून हसत सुटला. त्याची बायकोही हसायला लागली. मग हसता हसता थांबला आणि विचारलं, "त्याइच्या राजीनाम्यात काय लिहा लागते?"

"काय लिहाचं! दोघाईचं चुकलं, आता काई तक्रार नाई."

"माया काय चुकलं?"

मी सायकल भिंतीला टेकवायला लागलो.

"मंग आपला राजीनामा बरा," तो म्हणाला. "राहू दे तोच."

असा त्याचा धंदा सुरू झाला. भांडवल म्हणजे एक बादली आणि दहा-बारा फाटकी पोती.

गेटबाहेर शेकडो सायकली दिवसभर उन्हात उभ्या असायच्या. दोनला पाळी सुटली की माणूस धावत यायचा, टांग टाकायचा आणि 'आई गं' करून उडायचा. सीट तव्यासारखी तापलेली. तिथं ज्या शिव्या ऐकू यायच्या, त्या सगळ्या यानं आठ दिवस उभं राहून ऐकल्या. मग दीडच्या सुमाराला ओली पोती सीटवर टाकायला सुरुवात केली. 'थंडी सीट' हे त्याचं नावच पडलं.

दुसरी शिवी सायकल न सापडण्याची. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. नंबर टाकावा तर निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. यानं रंगाचे तीन डबे आणले आणि मडगार्डवर चित्रं काढू लागला. पोपट, बैल, मोर, कमळ. मी म्हटलं, माझ्यावर वाघ काढ. म्हणाला, "वाघ सात झाले. तुले भोपळा काढतो, दुरून दिसीन." आणि खरोखर भोपळा काढला. पुढं कितीतरी वर्षं मी भोपळेवाला म्हणून ओळखला गेलो. बायकोच्या माहेरपर्यंत ही ख्याती पोचली.

सगळंच काही जमलं नाही. सायकलच्या हँडलला छत्री बांधायची त्याची एक कल्पना होती. पहिली स्वारी माझी. सेक्टर सहाच्या वळणावर वारा आला आणि मी, सायकल आणि छत्री असे तिघं वेगवेगळ्या दिशांना गेलो. मला नालीतून ओढून काढताना हा गंभीरपणे म्हणत होता, "छत्री चुकली. शिवी नोती चुकली. उन्ह तं लागतेच नं लोकाइले?" मी तेव्हा त्याला एक शिवी दिली. ती मात्र त्यानं कागदावर लिहून घेतली नाही.

सगळ्यात जास्त चीड मला यायची ती नक्कल करणाऱ्यांची. बाजारातल्या एका पैसेवाल्या दुकानदारानं गेटपाशी टिनाचं शेड टाकलं, पाण्याची टाकी बसवली, नवी कोरी पोती आणली आणि याचं निम्मं गिऱ्हाईक पळवलं. मी म्हटलं, जाऊन भांड. तो पोती पिळत होता.

"घेऊ दे. सीट थंडी कराची येवढं शिकला तो. लोकं कावून तपतात, ते थोडीच दिसते त्याले?"

आणि महिनाभरात दुसरं काहीतरी काढायचा. डब्यातली भाजी सांडू नये म्हणून ताडपत्रीची पिशवी शिवली. तीही नक्कल झाली. मग आणखी काही. सतत पुढं राहायच्या त्याच्या या खाजेचं मला कौतुक वाटायचं, आणि खरं सांगतो, थोडी असूयाही. मला वर्षभरात एक नवीन गोष्ट सुचत नव्हती, आणि हा फाटक्या पोत्यांतून काढत होता.

मग थंडी आली. सीटा तापेनात. सायकली चित्रांमुळे सापडायला लागल्या. हवा छान, लोक खुशीत. हा गेटवर उभा राहून कान टवकारायचा आणि रिकामा परत यायचा. पंधरा दिवस, वीस दिवस. गडी सुकून गेला. "सारे हसून राहिले बे," मला म्हणाला, जणू गावावर आफत आली होती. "एकही जण शिवी देऊन नाई राहिला. आता मी काय करू?" मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. मनात आलं, हा आता नोकरी परत मागायला बाबूंकडे जाणार.

त्याची बायको अंगणात भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "माणसाइच्याच शिव्या ऐकता कावून? बायाइले का तोंड नाई?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू कोणाले देतं शिवी?"

"ह्या बजाराले! तीन महिने झाले, ज्वारीचं पीठ पाहिलं नाई. भातच भात. भातानं का पोट भरते का आपलं?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं नवरा-बायको क्वार्टरांच्या मागच्या दारांनी फिरू लागले. तेलुगू बाई चिंचेवरून चिडलेली, बंगालीण मोहरीच्या तेलावरून, आमच्याकडच्या बाया ज्वारी आणि अंबाडीच्या भाजीवरून. याला तेलुगू येत नव्हतं, पण चीड बरोबर समजायची. ज्याला त्याला आपापल्या गावचं जेवण हवं होतं आणि ते कोणी आणत नव्हतं. हा आणायला लागला. दुर्गहून, गोंदियाहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती. वहिनी पुड्या बांधायच्या. माझ्या घरी ज्वारीची भाकर झाली, त्या दिवशी माझी बायको तव्यापाशी बसून चक्क रडली.

गेटबाहेर टाकलेली त्याची टपरी मालाला पुरेना, आता त्याला मोठी जागा हवी होती. तेवढ्यात बातमी आली की गेटबाहेरच्या टपऱ्या हटणार आणि नव्या बाजारात गाळे मिळणार. बाजार समितीनं आधीच्या मालकाकडून चालचलनाचा दाखला मागितला. याचा आधीचा मालक म्हणजे आमची ठेकेदार कंपनी. हा बाबूंकडे गेला.

बाबू म्हणाले, "सर्टिफ़िकेट दे देंगे. पर फाइल में मेट की शिकायत पड़ी है. मेट तैयार है. अब तो राजीनामा कर डाल, हमारे वाला."

हा शब्द आता त्याला पुरता कळत होता. तो तिथून सरळ माझ्याकडे आला. रविवारची दुपार होती. मी दाढी करत होतो.

"तू होता तिथं," तो म्हणाला. "चार ओळी लिहून दे. पहिला हात कोणाचा उठला, येवढंच. तक्रार खोटी ठरली का दाखला द्याच लागते त्याले."

मी वस्तरा तसाच हातात धरून बसलो. कारखान्यातल्या पक्क्या नोकरीसाठी कंपनी शिफारशीची यादी करणार होती, आणि यादीत कोण, हे मेट ठरवणार होता. मी तेच बोललो. "माया नाव हाये बे त्या यादीत."

"हाये खरं."

"तूच सही करून टाक ना. कागदच तं हाये."

"नुसता कागद असता, तं त्याइनं येवढा जीव टाकला नसता त्याच्यावर," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं," आणि उठून गेला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी उलट चार शब्द बोलून मोकळा झालो असतो.

त्यानं सही केली नाही. गाळा मिळाला नाही. टपरी उठली. आठ दिवस त्याच्या दारात सामान पडून होतं आणि मला रोज त्यावरून जावं लागायचं. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर हा कुठूनशी एक हातगाडी घेऊन आलेला. तिला खण पाडलेले, वर कापड ताणलेलं. दोघं नवरा-बायको ती ढकलत सेक्टरात शिरले. समितीचा माणूस आडवा आला, "यहाँ दुकान लगाना मना है!"

"लगाई कहाँ, साहब?" हा ढकलता ढकलता म्हणाला. "चल रही है!"

नियम बसलेल्या दुकानाचा होता. चालत्या दुकानाचा नियम कोणी केलाच नव्हता. त्या दिवसापासून तो कुठं उभा राहिला नाही. दारापुढून जाता जाता पुडी द्यायचा, जाता जाता बोलायचा आणि जाता जाता ऐकायचा. बाया गाडीबरोबर चार पावलं चालत सौदा करायच्या. बाजारातले गाळेवाले वाट बघत बसायचे आणि गिऱ्हाईक याच्या गाडीमागं चालायचं. हसून हसून माझं पोट दुखायचं. पण मी त्याच्यासमोर हसायचो नाही, माझी हिंमत व्हायची नाही.

ती चार ओळींची गोष्ट त्यानं पुन्हा कधी काढली नाही. माझ्याशी पहिल्यासारखाच वागला. यादी मात्र या ना त्या कारणानं पुढं ढकलली जात होती, आणि मी मेटला रोज नमस्कार करत होतो.

दोन-तीन वर्षांत गाव बसलं. बाजार भरला, सगळ्यांचं सगळं मिळायला लागलं. एक दिवस तो येऊन म्हणाला, "मी चाललो. इथले लोकं सुखी झाले. तिकडं पूर्वेकडे नवा कारखाना उभा होऊन राहिला म्हणते. ना रस्ता, ना बजार. काय शिव्या देत असतीन बे लोकं तिथं!" लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

मी दोन दिवस जेवलो नाही नीट. मग कागद घेतला आणि लिहिलं. चार नाही, नऊ ओळी झाल्या. पिंप, मडकं, पहिला फटका कोणाचा, कॉलर कोणी धरली. आणि हेही, की मी दोन हातांवर उभा होतो. कागद घेऊन दुर्ग स्टेशनवर गेलो. भर दुपारची गाडी होती. वहिनी पेट्यांवर बसल्या होत्या. मी कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं सावकाश वाचला. वहिनींना वाचून दाखवला. मग घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

"मले कावून देतं?" तो म्हणाला. "मी तं तिथंच होतो."

गाडी आली. त्यानं पेट्या चढवल्या, वहिनी चढल्या, तो दारात उभा राहिला. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "भाऊजी, तब्येत सांभाळजा." गाडी गेली.

परत येताना मी अख्खा रस्ता त्याच्यावर चिडलो होतो. एवढं लिहिलं, एवढं घेऊन गेलो, आणि यानं घेतलासुद्धा नाही! मिठी मारली असती, डोळ्यांत पाणी आणलं असतं, मी सुटलो असतो. मरोदा येईपर्यंत मला कळलं होतं, की त्याला मला सुटूच द्यायचं नव्हतं. आणि त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता ऑफिसात गेलो. पक्क्या नोकरीची यादी बाबूंच्या टेबलावरच होती, अर्धी टाइप केलेली. खुर्चीपाशी मेट चहा पीत उभा होता. मी नमस्कार केला नाही. कागद यादीवर ठेवला.

बाबूंनी वाचला. या वेळी पूर्ण वाचला. मेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसत राहिले.

"अब इसका क्या करूँ? वो तो चला गया. मामला ख़तम. ले जा भाई, वापस ले जा. लिस्ट में नाम है तेरा."

"फाइल में लगाओ," मी म्हटलं.

"पर वो है कहाँ अब?"

हिंदी सुचली नाही. सुचली असती तरी बोललो नसतो.

"तो गेला," मी म्हटलं. "मी हाओ ना इथं."

बाबूंनी चष्मा लावला आणि फाइल आणायला उठले.